जावयाचं अपील

खरिपाच्या आत खत-औषधाचं दुकान उघडणार आणि समोरच्या खतदुकानातल्या वैजनाथशेठला माश्या मारायला बसवणार, असं विरेशनं नळदुर्गच्या स्टँडवर इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी चहावालाच म्हणाला, "आता उघडा बाबा, ऐकून ऐकून दूध नासायला लागलंय!"

गाळा घेतला, रंग दिला, फळ्या ठोकल्या. लायसन्स तेवढं राहिलं होतं. त्याचा अर्ज गेला तसा परत आला. शैक्षणिक अर्हता नाही, सबब नामंजूर!

खरं तर यात नवल वाटायचं कारण नव्हतं. या लायसन्सला शेतीचं शिक्षण लागतं, आणि विरेश होता बी.ए., तोही इतिहास घेऊन. ग्रॅज्युएट तो ग्रॅज्युएट, सरकार एवढं खोलात कशाला बघतंय, असा त्याचा हिशेब. सरकारनं बघितलं. विरेश गुमान गप्प बसणार होता, पण तेवढ्यात उमरग्याकडनं सासरे येऊन थडकले.

हणमंतप्पा कानात सांगायला लागले तरी तिसऱ्या गल्लीतली कुत्री उठून बसत. नामंजुरीचं कळताच ते गरजले, "आमच्या जावयाला न्हाय म्हनतेत? शेतीच्या ग्रॅज्युएटला?"

त्याचं असं झालं होतं. लग्न जमवताना मध्यस्थ म्हणाला होता, "पोरगं ग्रॅज्युएट हाय, शेतीत हाय." दोन्ही गोष्टी सोळा आणे खऱ्या! हणमंतप्पांनी मधला स्वल्पविराम गिळला आणि जावई शेतीचा ग्रॅज्युएट असल्याची दवंडी पंचक्रोशीत पिटली. ते विरेशच्या कानावर आलं तेव्हा त्याच्या तोंडात सासरची पुरणपोळी होती. तोंडात घास असताना माणूस बोलणार कसा? पुढं दोन वर्षं तो घास काही खाली उतरला नाही.

"जाऊ द्या मामा. सरकारी काम हाय."

"जाऊ द्या? जावईबापू, अपील करायचं!"

"अपिलाला लई हेलपाटे पडतेत."

"जीप कशाला हाय मग आपली?"

चुलीपुढं बसलेली विरेशची बायको राजेश्वरी म्हणाली, "अप्पा, आधी नामंजूर का केलंय ते तरी वाचा की."

"तू भाकरी थाप!"

विरेशनं सगळे उपाय करून बघितले. अमावस्या आहे म्हणाला. हणमंतप्पांनी बोनेटवर लिंबू कापलं. पोट दुखतंय म्हणाला. त्यांनी डॉक्टरच घरी आणला आणि सुई टोचवली. शेवटी सुनावणीच्या दिवशी दुखऱ्या जागेवर तोल सावरत विरेश जीपमध्ये बसला. नवरा जिंकताना बघायला पाहिजे म्हणून राजेश्वरीलाही सोबत घेतलं. पेढ्याचा बॉक्स हणमंतप्पांच्या मांडीवर!

लातूरला अपिलाचे साहेब म्हणजे अगदी हळू बोलणारा, शांत माणूस. हणमंतप्पांचं भाषण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"...आन साहेब, असा शेतीचा ग्रॅज्युएट दिवा लावून हुडकला तरी गावायचा न्हाय!"

साहेबांनी कागद उलटला. "इथं तर विषय इतिहास लिहिलाय."

"शेतीचा इतिहास आसंल!"

"युरोपचा आहे."

हणमंतप्पा सावकाश वळले. "जावईबापू... युरोप?"

"एकच पेपर व्हता मामा," विरेश छताकडे बघत म्हणाला.

हणमंतप्पांनी पेढ्याचा बॉक्स खुर्चीखाली सरकवला. साहेबांना त्यांची दया आली. "घरात दुसरं कुणी शेतीचं शिकलंय का? त्यांच्या नावानं अर्ज करा."

"मी हाय की," मागून राजेश्वरी म्हणाली. "शेतीचा डिप्लोमा केलाय."

विरेश खुर्चीसकट वळला. "तू? मला वाटलं शिवणकामाचा केलायस!"

"तुमी इचारलं कधी?"

साहेब खूश झाले आणि कॉम्प्युटरवर तिचं नाव टाकायला लागले. इकडं हणमंतप्पा एकदम उठले. "साहेब, जेवायचा टाइम झाला. आमी निघतो!"

"बसा हो, एक मिनिट... अरेच्चा! या प्रमाणपत्रावर तर आधीच लायसन्स दिलेलं दिसतंय. नळदुर्गातच. मालक वैजनाथशेठ. दुकानातल्या शिकलेल्या माणसाचं नाव, राजेश्वरी हणमंतप्पा."

"अप्पा!" राजेश्वरीचा आवाज थेट बापाच्या वळणावर गेला. "माझं प्रमाणपत्र पेटीत हाय म्हनला व्हता ना?"

"पेटीतच व्हतं गं... वाळवी लागंल म्हणून शेठकडं ठिवलं. भला माणूस हाय. दर हंगामाला खतात सूट देतो."

"म्हणजे एका घरातून लायसन्स मागताय, आणि त्याच घरातला डिप्लोमा भाड्यानं लावलाय!" साहेब म्हणाले. अपील त्यांनी जागेवर फेटाळलं. वर बजावलं, की ज्यांचं प्रमाणपत्र त्या बाई स्वतः दुकानात हजर पाहिजेत, नाहीतर शेठचंही लायसन्स रद्द. तपासणीला ते कधीही येतील.

परतताना जीप औशापर्यंत आली. मग सासरा-जावई एकदमच ओरडले, "तुमी मला सांगितलं का न्हाय?"

"भांडणं घरी," राजेश्वरी म्हणाली. "जीप आधी वैजनाथशेठच्या दुकानापाशी थांबवा."

लायसन्स जातंय म्हटल्यावर वैजनाथशेठ पांढराफटक पडला. "ताई, ताई" करत त्यानं स्वतःची गादीची खुर्ची पुसून दिली, पंखा तिच्याकडं वळवला आणि पगार काय घेणार ते हात जोडून विचारलं. राजेश्वरीनं सांगितला, तेव्हा तो जरासा खालीच बसला. पण कबूल झाला.

आता ती तिथं बसते. रोगट पानं पिशवीत घालून माणसं नांदुरी, अणदूरपासून येतात आणि रांग लावतात. समोर विरेशचं दुकान आहे. लायसन्स लागत नाही असा माल तो ठेवतो: पाईप, ताडपत्री, दावी, घुंगरं.

परवा एक म्हातारा त्याच्याकडं शिरला. "तुरीवरच्या अळीचं औषध हाय का?"

"न्हाय. समोर जावा."

"समोरची बाई लई चांगलं सांगती म्हनं?"

"लई चांगलं."

"बाईचा मालक काय करतो?"

विरेशनं ताडपत्री मोजायची थांबवून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"जेवणाचा डबा नेऊन देतो," तो म्हणाला, आणि पिशवी घेऊन उठलाच. उशीर झाला होता!