तज्ज्ञ आणि कॅराव्हॅनमधला फ्रिज

"बाहेर कितीही ऊन पडू दे, संध्याकाळी तो केक काढताना स्वेटर घालावा लागेल," असं तज्ज्ञांनी सकाळच्या चहालाच जाहीर करून टाकलं.

तज्ज्ञ हे काही त्यांचं नाव नव्हे. ते एका फरशांच्या कंपनीत विक्री विभागात होते. पण कुकरच्या शिट्टीपासून विमानाच्या चाकापर्यंत कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत तयार असे, म्हणून सासरची माणसं पाठीमागे त्यांना तज्ज्ञ म्हणत. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. दुखावणं राहिलं बाजूला, "मग तोंडावर म्हणायला काय हरकत आहे?" असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. तेव्हापासून तोंडावरही म्हणू लागले.

त्या दिवशी धाकट्या मेहुणीचं लग्न होतं, संध्याकाळी, तलावाकाठच्या हिरवळीवर. सगळे नातेवाईक शेजारच्याच कॅम्पच्या खोल्यांमध्ये उतरले होते. तज्ज्ञांनी मात्र हौसेनं गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन भाड्यानं आणून कॅम्पच्या मैदानात उभी केली होती. आत दोन पलंग, वीतभर ओटा आणि गॅसवर चालणारा एक छोटा फ्रिज. त्या फ्रिजचे कप्पे काढून बायकोनं लग्नाचा केक कसाबसा आत बसवला होता. दोन मजली, नखशिखांत क्रीमचा. तुझ्या लग्नाचा केक मीच करणार, असं तिनं बहिणीला शाळेत असल्यापासून कबूल केलेलं होतं. बेकरीवाल्याला नको म्हणून सांगून झालं होतं. आता केक ढासळला तर सगळ्या गोतावळ्यासमोर तिची शोभा होणार होती.

"अहो, फ्रिज गार होत नाहीये. हात घालून बघा," बायको म्हणाली.

"हातानं तापमान कळत नसतं," म्हणत तज्ज्ञांनी वायरवाला थर्मामीटर आणला. वायरचं टोक फ्रिजमध्ये, आकडे बाहेर. आकडा आला पंधरा.

बायकोचा चेहरा उतरला. तिचा उतरलेला चेहरा तज्ज्ञांना कधीच बघवत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बहुतेक उपद्व्यापांचं मूळ तिथंच होतं. "तू अजिबात काळजी करू नकोस. आजचा दिवस फ्रिज माझ्याकडे," ते म्हणाले आणि बाहेर पळाले.

कारण त्यांना लगेच सापडलं. फ्रिजच्या मागची जाळी कॅराव्हॅनच्या ज्या बाजूला होती, नेमकं तिथंच ऊन येत होतं. तज्ज्ञांनी अंथरुणावरची जाड गोधडी काढून त्या जाळीवर घट्ट बांधली. आत येऊन फ्रिजच्या दाराला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. आता लग्न लागेपर्यंत हे दार कोणीही उघडायचं नाही, अगदी बघायलासुद्धा नाही, असं त्यांनी बजावलं. बायको बरं म्हणाली आणि बहिणीकडे निघून गेली.

आकडा अठरावर गेला.

"गोधडी कशाला हो?" शेजारच्या कॅराव्हॅनमधले दातांचे डॉक्टर पेपरातून मान वर काढून म्हणाले. "आतली गरम हवा त्या जाळीतूनच बाहेर पडते ना?"

"तेच तपासत होतो," तज्ज्ञ म्हणाले आणि गोधडी सोडली. "सावलीच पाहिजे. कॅराव्हॅन फिरवतो."

कॅराव्हॅनमध्ये सासूबाई डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडल्या होत्या. लग्नात ताजंतवानं दिसायचं म्हणून त्यांनी दुपारपर्यंत न हलण्याचा निश्चय केला होता. तज्ज्ञांनी त्यांच्यासकट कॅराव्हॅन गाडीला जोडली आणि वळवली.

"जावईबापू, आपण निघालो का कुठे?" आतून आवाज आला.

"नाही, इथंच आहोत. तुम्ही पडा."

जाळी सावलीत आली, पण कॅराव्हॅनचं दार डॉक्टरांच्या दाराला जाऊन भिडलं. आता ना सासूबाईंना बाहेर पडता येईना, ना डॉक्टरांच्या बायकोला. म्हणून डॉक्टरांची कॅराव्हॅन हलवावी लागली. ती थेट उन्हात गेली आणि डॉक्टर पेपर घेऊन उन्हात गेले. तासाभरात सावलीही सरकली. मग पुन्हा जुळवाजुळव. प्रत्येक वळणाला आतून "आता कुठे आलो?" असा प्रश्न येई. चौथ्या वेळी सासूबाईंनी तेही विचारायचं सोडून दिलं.

त्यात जमीन उतरती. हा असला फ्रिज वाकडा राहिला तर नीट चालत नाही, हे तज्ज्ञांना ठाऊक होतं, आणि एवढी एक गोष्ट खरोखर बरोबर होती. एका चाकाखाली त्यांनी फळी घातली, मग दुसरी, मग डॉक्टरांची जेवणाची घडीची टेबलं. डॉक्टरांचं कुटुंब मांडीवर ताटं घेऊन जेवलं.

आकडा बारावर आला. तज्ज्ञांना हुरूप चढला. जाळीवर वारा हवा म्हणून ते मेहुणीच्या खोलीतला पंखा आणायला गेले.

"भाऊजी, पंखा नेऊ नका, माझा मेकअप वितळतोय," आरशासमोरची मेहुणी कळवळून म्हणाली.

"तुझा पुन्हा लावता येईल, केक पुन्हा लावता येणार नाही," तज्ज्ञ म्हणाले आणि पंखा उपटून निघाले.

वाटेत नवरदेव भेटला. बिचारा हिरवळीवर खुर्च्या नीट लागल्या का बघायला आला होता. तज्ज्ञांनी त्याच्या हातात मोठी छत्री दिली आणि जाळीपाशी उभं केलं.

"आत काय आहे?" नवरदेवानं भीतभीत विचारलं.

"तुमची अब्रू. छत्री तिरकी नका करू."

नवरदेव नवीन जावई होता. पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणणार? तो घाम पुसत उभा राहिला. आकडा नऊ झाला, सात झाला. आणि ऊन कलता कलता चारवर येऊन थांबला. तज्ज्ञांचे डोळे भरून आले. त्यांनी नवरदेवाला मिठी मारली आणि कपडे बदलायला सोडलं.

मग हात धुऊन, केस विंचरून त्यांनी फ्रिजची चिकटपट्टी सोडवली आणि दार उघडलं.

आत थर्मामीटरची वायर लोंबत होती. बाकी फ्रिज रिकामा होता.

कोणी नेला? कधी नेला? बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? तज्ज्ञ तसेच हिरवळीकडे धावत सुटले आणि मांडवाच्या तोंडाशी खिळून उभे राहिले. मधल्या टेबलावर केक उभा होता. दोन्ही मजले ताठ, क्रीमची एक पाकळीसुद्धा हललेली नव्हती. लोक फोटो काढत होते आणि बायको शेजारी उभी राहून लाजत होती.

"हा इथं कसा?" तज्ज्ञांनी तिला बाजूला ओढलं.

"सकाळीच कॅम्पच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवला. तुम्ही मागे गोधडी बांधत होता तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मोकळे झाला असता," ती शांतपणे म्हणाली. "आणि मोकळे झाला असता तर केकवर नक्षी काढायला आला असता."

यावर मात्र तज्ज्ञांकडे मत तयार नव्हतं. ते हळूच म्हणाले, "पण चार डिग्री आणला होता गं मी. एवढ्या उन्हात."

बायकोला त्यांची मायाच आली. लग्न लागलं, केक कापला, सगळ्यांनी वाखाणला. वरच्या मजल्याचा चांगला मोठा तुकडा तिनं डब्यात घालून त्यांच्या हातात दिला. "हा उद्या घरी न्यायचाय, आईलाही आणि मलाही हवाय. तुमच्या फ्रिजमध्ये ठेवा. तुमच्यावर विश्वास आहे माझा."

तज्ज्ञ छाती फुगवून कॅराव्हॅनमध्ये आले. धावताना उघडं टाकलेलं फ्रिजचं दार तसंच सताड उघडं होतं. आकडा सव्वीस होता.

त्यांनी दार हळूच लावलं. डबा ओट्यावर ठेवला, एकदा बाहेर डोकावून पाहिलं, आणि तो सगळा केक उभ्या उभ्या खाऊन टाकला.

"ठेवलात का नीट?" मागून आलेल्या बायकोनं विचारलं.

"एकदम नीट," तज्ज्ञ मिशीवरचं क्रीम पुसत म्हणाले. "आता कोणाचा बाप आला तरी तो वितळत नाही."