तांब्यांची पळती अक्षरं

तांबे पेंटरने रंगवलेली 'शोकसभा'ची पाटी वाचून दोन माणसं आत जेवणाची चौकशी करायला गेली होती. मी स्वतः पाहिलंय. अक्षरंच तशी. जाड, गुबगुबीत, कोपरे गोल, आणि सगळी उजवीकडे कललेली. जणू बस सुटतेय आणि ती धावतायत.

फरीदाबादच्या मार्केटात त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून. दोघंही पाट्या रंगवणारे, दोघंही मराठी, दोघंही म्हातारे. शिक्षण माझं चौथी, तीही अर्धी. पण अक्षर असं की ओळंबा लावून बघा. खडू फासलेला दोरा ताणून आधी रेघ उडवायची, मगच ब्रश उचलायचा. तांबे दोरा वापरत नसे. डोळा बारीक, जीभ बाहेर, आणि सर्रकन 'क' ओढायचा. त्या 'क'चं पोट बघितलं की मला जेवण जायचं नाही.

मिठाईवाला, टायरवाला, सर्कसवाला, सगळे त्याच्याकडे. तिथं ती अक्षरं शोभायचीही, खोटं कशाला बोलू. 'जलेबी' तर पाकातून काढल्यासारखी दिसायची. पण दवाखान्यात 'शांति बनाए रखें'? अख्खी ओळ ओरडत पळतेय!

"तांबे, आजारी माणसं असतात तिथं. जरा उभी लिहा."

"पळाली पाहिजेत यार!" हे त्याचं ठरलेलं. "तुमची बघा, दाते. रेशनच्या लायनीत उभी."

गणपतीच्या मंडपाची पाटी मात्र पहिल्यापासून माझी. त्या वर्षी मंडळाने तीही त्याला दिली. वर सेक्रेटरी म्हणतो, "काका, जरा मॉडर्न पाहिजे." मी मंडपात पाऊल टाकलं नाही. प्रसाद घरी आला, तोही परत पाठवला. मोदक होते.

विसर्जनानंतर एका दुपारी तांबे कोरी पाटी घेऊन दुकानात आला.

"दाते, घराची पाटी लिहून द्या. उभी. दोरा लावून."

मला वाटलं, टिंगल करतोय. "का? पळाली पाहिजेत ना?"

तो स्टुलावर बसला. त्याच्या बायकोचं, सुमतीवहिनींचं विसरणं वाढलंय, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

"आमच्या लायनीतली घरं सगळी एकसारखी," तो म्हणाला. "काल ही भाजी घेऊन दारापर्यंत आली, पाटी वाचली आणि पुढे चालायला लागली. पाण्याच्या टाकीपाशी सापडली. म्हणते, ते लोक कुठंतरी निघाले होते, मी कशाला थांबू?"

मी कोरी पाटी त्याच्या हातातून घेतली.

"थांबणारी अक्षरं मला येत नाहीत हो. करून पाहिलं. हात कलतोच."

मी दोऱ्याला खडू फासला. दुसरं टोक त्याने धरलं. रेघ उडवली आणि लिहिलं, 'सुमती तांबे'.

"खाली तुमचं नाव?"

"नको, गर्दी होईल. तिला घर सापडलं की झालं. मी आत असतोच."

पाटी ओली होती. दोन्ही तळव्यांवर आडवी धरून तो निघाला, एरवीसारखा झपझप नाही, पाऊल जपून. माझ्या अक्षराला एवढं जपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तरी जळलो मीच.

माझ्या दारावरही पाटी आहे. माझीच, अगदी ओळंब्यात. ती वाचून घरी यायचं, असं कुणी नाही.