हेन्रीचं पान

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सर्वपित्री अमावास्येला इंग्लंडचे राजे जेवायला येतात. आमंत्रण आमच्या वरच्या मजल्यावरच्या देवरेकाकांचं आणि कबुतरं हाकलायचं काम माझं. कावळ्याआधी कबुतर शिवलं तर काकांच्या लेखी पान बाद. आणि नाशकात आमच्या भागात हल्ली कावळे औषधालाही सापडत नाहीत, कबुतरं मात्र उदंड.

काका मूळचे सटाण्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गावी द्राक्षांची बाग आहे. तीन महिने मुलाकडे इंग्लंडला राहून आले तेव्हा आम्हाला वाटलं, येताना चॉकलेटं आणतील. त्यांनी राजघराणं आणलं. प्लँटॅजेनेट. हा उच्चार काका एका दमात करतात आणि मग आपल्याकडे बघत थांबतात. मूळपुरुष टोपीत पिवळ्या फुलांची डहाळी खोचायचा, त्यावरून हे आडनाव पडलं म्हणे.

तिकडे मुलाने त्यांना एका गावी नेलं होतं. घराण्याचा शेवटचा राजा, तिसरा रिचर्ड, लढाईत पडला आणि पुढे शेकडो वर्षांनी तो त्या गावात गाड्यांच्या पार्किंगखाली सापडला. आपण हे ऐकून फोटो काढला असता. काकांनी तिथल्या गाईडला विचारलं, "यांचं श्राद्ध कोण घालतं?" त्याने सांगितलं की थेट वंशात कुणी उरलंच नाही. झालं! काकांच्या घशाखाली त्या दिवशी सँडविच उतरेना.

"तीनशे वर्षांवर राज्य केलं रे, आणि घास ठेवायला माणूस नाही," ते मला म्हणाले.

गुरुजी आधी बिचकले. पण काकांचा अभ्यास पक्का होता. गोत्र माहीत नसेल तर काश्यप, तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री. गुरुजींना नाही म्हणायला जागाच उरली नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर बाहेरच्या पाहुण्यांना मनाई असल्याचं सांगून पाहिलं. "पाहुणे लिफ्ट वापरणार नाहीत," असं काकांनी त्यांना लेखी दिलं.

तर पहिलं पान काकांच्या आईवडिलांचं, मग ओळीने राजे. सगळ्यांना खीर, वडे, भोपळ्याची भाजी. काकू करतात सगळं, पण तोंड चालू ठेवून. पान मांडता मांडता काका एकेकाची ओळख करून देतात, गावच्या लग्नात वऱ्हाडाची करून द्यावी तशी.

"हा सिंहकाळजाचा रिचर्ड. शूर, पण पाय घरात ठरेना. हा जॉन, लबाड. खजिना भरतीच्या पाण्यात घालवून बसला. आणि पुढे यॉर्क आणि लँकेस्टर, चुलत घरं. बांधावरून भांडावं तशी गादीवरून भांडली आणि दोन्ही बुडाली. शेवटच्या रिचर्डचे दोन पुतणे किल्ल्यात गेले ते कुणाला दिसलेच नाहीत. आपल्या पेशवाईत काका-पुतण्याचं काय झालं? भाऊबंदकी, दुसरं काय!"

"भाऊबंदकी, दुसरं काय" हा काकांचा सगळ्या इतिहासावरचा शेरा. पाण्याच्या टाकीवरून दोन विंगांमध्ये वाजलं तरी तोच.

जीव मात्र त्यांचा दुसऱ्या हेन्रीवर. हा घराण्याचा पहिला राजा. "अर्धा फ्रान्स याच्या खात्यावर. थोरल्या पोराला जिवंतपणीच राज्याभिषेक केला, पण कारभार दिला नाही. सातबाऱ्यावर नाव पोराचं आणि किल्ल्या बापाच्या कमरेला! मग पोरं उलटली, बायको एलिनोर उलटली. धाकट्या जॉनवर फार जीव, तर शेवटी फितुरांत त्याचंही नाव निघालं. हाय खाऊन मेला बिचारा."

हे सांगताना काका कुणाकडे बघत नाहीत. का, ते आख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. त्यांचा एकुलता एक नितीन शेतकीचा पदवीधर. बाग काकांनी त्याच्या नावावर केली, पण पंपाची किल्ली आजही काकांच्या लेंग्याच्या नाडीला असते. नितीनला द्राक्षं काढून पेरू लावायचे होते. काकांनी लावू दिले नाहीत. तो उठून इंग्लंडला गेला आणि तिथे भाज्यांच्या काचघरांत नोकरी धरली. त्या तीन महिन्यांच्या मुक्कामातच शेवटी कडाक्याचं भांडण झालं. "नाव माझं आणि बाग तुमची, मग मी येऊन करू काय?" असं तो म्हणाला. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. काकू बाल्कनीत त्याच्याशी फोनवर बोलतात, तेव्हा काका आत टीव्हीचा आवाज हळूच कमी करतात.

यंदा कावळा आला, एकच. त्याने आधी काकांच्या आईवडिलांचं पान घेतलं, मग जॉनचं. "बघ, मेल्यावरसुद्धा पुढे पुढे!" काका म्हणाले. बाकीचे राजे पटापट आटोपले. हेन्रीच्या पानाजवळ मात्र कावळा येई, मान वाकडी करी आणि कठड्यावर जाऊन बसे.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. काकांनी हात जोडले. "हेन्रीराव, फ्रान्सची जमीन सोडवायचा प्रयत्न करू." कावळा हलला नाही. "एलिनोरवहिनींची काळजी घेऊ."

"वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं त्या बाईला, आता काळजी!" काकू कडाडल्या.

ऊन चढलं. काका रडकुंडीला आले. "मग काय पाहिजे तरी काय याला?"

काकूंनी पदराने घाम पुसला. "पोरगं पाहिजे. दुसरं काय पाहिजे असणार बापाला?"

"पोरं उलटली त्याच्यावर."

"किल्ल्या दिल्या नाहीत म्हणून उलटली. तुम्हीच तर सांगता ना घरोघर?"

मी कबुतरं हाकलायच्या निमित्ताने टाकीकडे सरकलो. मला फार वाईट वाटलं काकांचं. मग त्यांनी काकूंचा फोन मागून घेतला.

"तिकडे आता सकाळ असंल ना?" त्यांनी विचारलं. काकूंनी नुसती मान हलवली.

घंटी वाजत राहिली. पलीकडून कुणीतरी "आई?" म्हणालं.

"आई नाही, मी शे," काका म्हणाले. सोसायटीत कधी न ऐकलेली त्यांची घरची अहिराणी अशी अचानक बाहेर आली. "काय करी ऱ्हायना रे?"

काकांनी घसा खाकरला. "नित्या, ऐक. ते पेरू... लाव. काय लावायचं ते तूच ठरव. मी मधी नाही पडणार."

मग पलीकडचा आवाज सुरू झाला तो थांबेना. काका खाली बसले. कान फोनला लावून "हं... हं... किती फुटांवर?... हं," एवढंच म्हणत होते. दुसरा हात मोकळा होता. तो ऐकता ऐकता हेन्रीच्या पानाकडे गेला, त्यातला वडा उचलला, आणि काका तो सावकाश खाऊ लागले.

मी ओरडणारच होतो. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि पानातली खीरही हळूच त्यांच्यापुढे सरकवली.