थोडसक राह्यलं

निकुरे सरांची पीएच.डी. झाली हे अख्ख्या गडचिरोलीत फक्त एका माणसाला मान्य नव्हतं. तो माणूस म्हणजे निकुरे सर.

आमच्या कॉलेजात लोक आज नाव नोंदवतात आणि उद्या दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’पुरती जागा सोडून ठेवतात. आणि हे आमचे मराठीचे सर, माझे भिंतीला भिंत लागून शेजारी, तोंडी परीक्षा देऊन आले आणि मला फाटकातच गाठून म्हणाले, “भाऊ, कोणाले सांगू नोका.”

“काऊन? नापास केलं का?”

“पास केलं ना बाप्पा,” सर म्हणाले. चेहरा असा, की मीच त्यांना बसायला खुर्ची दिली.

‘थोडसक राह्यलं’ हे सरांचं कायमचं उत्तर. घराचं प्लास्टर कधी करता? थोडसक राह्यलं. लग्नाचं काय झालं? थोडसक राह्यलं. पन्नाशी उलटून गेली, तरी उत्तर तेच. प्रबंधाचा विषय रोवण्याची गाणी, म्हणजे बाया चिखलात वाकून धान रोवताना म्हणतात ती. त्यासाठी दर रविवारी पिशवीत टेपरेकॉर्डर घालून आरमोरीची एसटी धरायची आणि पुढे पायी, ही गाणी सांगणाऱ्या गिरजाबाईच्या गावी जायचं. रोवणं महिनाभराचं, सर जाणार बारा महिने. भर उन्हाळ्यात मी विचारायचो, “आता कोणतं रोवणं करून राह्यली तुमची बाई?” त्यावर ते फक्त पिशवी सावरायचे.

पीएच.डी. झाल्यावरही रविवार सुटला नाही. मी स्टाफचा सेक्रेटरी. सत्काराचा रविवार ठरवला, तर सर म्हणे जमत नाही. माझं डोकंच सणकलं. शाल पिशवीत कोंबली आणि त्यांच्याच एसटीत जाऊन बसलो. म्हटलं, सत्कार तिथंच उरकतो.

वाटेत सर हळूच म्हणाले, “तिथी पीएच.डी.चं नाव काढू नोका. काम झालं म्हटल्यावर मी कशाले जाऊ तिच्या घरी?”

“असंच जा ना.”

“असंच कोणाच्या घरी जाता येते का, भाऊ?”

मला एकदम वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहून मी तरी त्यांच्या घरी असाच कधी गेलो होतो?

गिरजाबाई एकटीच राहायची. आमच्यासाठी भात आणि वालाची भाजी करून ठेवली होती. जेवण झाल्यावर तिनं एक गाणं म्हटलं. सरांनी टेप लावला, लिहून घेतलं, मधेच थांबवून एक ओळ पुन्हा म्हणायला लावली. ते गाणं भिंतीपलीकडून सरांच्या टेपवर ऐकून ऐकून माझंही पाठ झालेलं होतं.

मग सर तिची बादली घेऊन बोरिंगवर पाणी आणायला गेले, तशी ती मला म्हणाली, “झाले ना ते डॉक्टर?”

मी शालीची पिशवी मागं सरकवली.

“मागच्या खेपेले पेढे आनले. म्हने, असेच आनले. असे पेढे कोनी आनते का, भाऊ?” ती हसली. “मंग मी बी म्हटलं, गाने लय बाकी आहेत. सारे त कवाचेच सरले. पन तसं सांगतलं त हा मानूस रविवारी जाईल कुठी? आन् मी भात तरी कोनासाठी टाकू?”

तेवढ्यात सर पाणी सांडत आत आले. “काय बाई, किती राह्यली गाणी?”

गिरजाबाईनं बादली खाली ठेवून घेतली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

“थोडसक राह्यलं, भाऊ,” ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली. मी शाल पिशवीत आणखी खाली दाबली.