चौदा खोल्यांची फेरी

वस्तू वापरली की तिची किंमत उतरते. जगाचा सगळा व्यवहार या एका सत्यावर उभा आहे. चप्पल घातली की झिजते, साबण लावला की विरघळतो, पुस्तक वाचलं की निम्म्या भावात जातं. बहुसंख्य लोकांनी हे वेळीच ओळखून आपापली डोकी जन्मापासून जशीच्या तशी जपून ठेवली आहेत, आणि त्यात त्यांचं काही वाईट झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. उलट बऱ्याच ठिकाणी तेच अध्यक्ष आहेत.

मोटारींच्या बाबतीत मात्र माणसं फार बेजबाबदारपणे वागतात. मोटार विकत घेतात, तीत बसतात आणि चक्क कुठेतरी जातात. (कुठे, तर भाजी आणायला.) या उधळपट्टीला आळा बसावा म्हणून दुर्मिळ वेगवान वाहन संवर्धक मंडळ स्थापन झालं. प्रस्तुत लेखक या मंडळाचा चिटणीस आहे. सभासद पाच, मोटारी पाच, आणि पाचही सभासदांनी मिळून आजवर चालवलेलं एकूण अंतर शून्य. हे शून्य राखायला किती खस्ता खाव्या लागतात याची बाहेरच्यांना कल्पना नसते. म्हणून आमच्या संस्थापक सभासदांची, म्हणजे माझ्या सख्ख्या ताईच्या यजमानांची, हकीकत इथे देतो.

भाऊजींचा बाटल्यांची झाकणं बनवायचा कारखाना होता. शाळेत असताना त्यांनी कपाटाच्या दाराला आतून एका मोटारीचं चित्र चिकटवलं. तशा मोटारी जगात फक्त अठ्ठ्याण्णव बनल्या. आणखी बनवल्या तर लोकांना मिळतील, या भीतीने कंपनीने तिथेच हात आखडता घेतला. भाऊजींचं स्वप्न अगदी साधं होतं. ती मोटार घ्यायची, काचा खाली करायच्या, बायकोला शेजारी बसवायचं आणि नदीवरच्या लांब पुलावरून एकदा सुसाट जायचं. एकदाच. एवढ्यासाठी माणसाने तीस वर्षं झाकणं पाडली, शेवटी अर्धा कारखाना विकला आणि मोटार आणली. ती ट्रकवर बसून आली. (येण्याचीसुद्धा तसदी तिला दिली नाही.)

ताई केसांना निळा रुमाल बांधून पायरीवर तयार उभी होती. भाऊजींनी किल्ली हातात घेतली आणि तेवढ्यात मोटारीची किंमत ठरवणारे व्हॅल्युअर आले.

व्हॅल्युअर फार सभ्य माणूस. आवाज कधी चढवत नाहीत. त्यांना तशी गरजच पडत नाही. त्यांनी मोटारीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, खिशातून भिंग काढलं आणि विचारलं, "मीटरवर किती?"

"अकरा किलोमीटर. कारखान्यात चाचणी घेतली ना, त्याचे."

"अकरा माफ करता येतील. बारावा माफ होणार नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मालकाने चालवलेल्या दर किलोमीटरमागे मोटारीची किंमत साधारण एका चांगल्या, हवेशीर खोलीइतकी उतरते. पूल घरापासून सात किलोमीटरवर. जाऊन येऊन चौदा. आणि घरात खोल्या सहा.

"मग बाकीच्या आठ कुणाच्या द्यायच्या?" ताईने विचारलं. शेजारी तेव्हा खिडकीतच उभे होते. ते आत गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

भाऊजींनी किल्ली खिशात टाकली. म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू."

हेच पुढे मंडळाचं बोधवाक्य झालं.

आता मोटार ठेवायची कुठे? गॅरेजात ओल. अंगणात ऊन. तेव्हा दिवाणखान्याची रस्त्याकडची भिंत पाडून मोटार आत घेतली आणि भिंत पुन्हा बांधून काढली. उजेडाने रंग उतरतो म्हणून खिडकी ठेवली नाही. माणसांना आत जायला एक अरुंद दार ठेवलं, तेही आडवं होऊन जाण्याइतकं. त्यामुळे मोटार बाहेर काढायची वाटच उरली नाही, हे आमच्या लक्षात आलं ते व्हॅल्युअरांनी अभिनंदन केल्यावर. "आता ही चालवली जाण्याची शक्यताच संपली," ते म्हणाले, आणि किंमत बारा टक्क्यांनी वर गेली. आम्हाला हे सुचलं नव्हतं, पण आम्ही मान डोलावली.

निगराणीचा खर्च मात्र असतो. लोकांना वाटतं, उभ्या गाडीला काय लागतं? उभ्या गाडीलाच लागतं! धावणारी गाडी बिचारी आपलं आपण बघते. रबर म्हातारं होतं म्हणून दर पाच वर्षांनी टायर बदलायचे. (जुने टायर काढले तेव्हा त्यांच्यावरची नवेपणाची लव तशीच होती. एकही रस्ता न बघता ते सन्मानाने निवृत्त झाले.) दर वर्षी इंजिनातलं ऑइल बदलायचं, त्याने वर्षभर काही केलेलं नसतं, पण तसं पाहिलं तर मंडळाच्या खजिनदारांनीही केलेलं नसतं, आणि त्यांनाही आम्ही दर वर्षी बदलतोच. दर रविवारी चाकं जॅकवर उचलून पाव फेरा फिरवायची, एका रविवारी पुढे, दुसऱ्या रविवारी मागे. दहा वर्षांत एवढी शिस्तबद्ध वाटचाल फार थोड्या संस्थांनी केली असेल.

शिवाय मेकॅनिक. त्याला आम्ही सर्जन म्हणतो. या मोटारीला हात लावायची परवानगी असलेले असे जगात चारच, त्यामुळे हा विमानाने येतो. हातमोजे घालतो, बॉनेटला कान लावतो, डोळे मिटतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. त्याच्या न बोलण्याचे दर वेगळे आहेत.

खोलीचं तापमान अठरा अंशांवर ठेवायचं असतं. वीज तेवढी परवडत नाही, म्हणून गारवा फक्त मोटारीला. ताई आणि भाऊजी मागच्या खोलीत टेबलफॅन लावून झोपतात. एका उन्हाळ्यात ताई दुपारची मोटारीच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसलेली सापडली. माणसाच्या श्वासात दमटपणा असतो हे मी तिला नीट समजावलं. नातं बाजूला ठेवून तोडगाही काढला. रोज पंधरा मिनिटं बसावं; श्वास आत घ्यायला हरकत नाही, सोडायला तेवढं दाराबाहेर यावं.

"आयत्या बिळावरच्या नागोबा," ताई म्हणाली, "तू कधी जाणार आहेस इथून?"

(मी चिटणीस झाल्यापासून त्यांच्याकडेच राहतो. मोटारीपासून लांब राहून संवर्धन होत नाही.)

आकड्यांवर विश्वास असणाऱ्यांसाठी सांगतो. दहा वर्षांत मोटारीची किंमत चौपट झाली. त्याच दहा वर्षांत भाऊजींचे बाहेर घालायचे शर्ट चौदावरून तीनवर आले, उरलेला अर्धा कारखाना टायर, ऑइल आणि सर्जन यांत गेला, आणि ताई बसने नोकरीला जाऊ लागली. भाऊजींनी एक जुनी स्कूटर घेतली. थोडक्यात, आमच्या सभासदांत ते सर्वांत श्रीमंत ठरले. मंडळाच्या वार्षिक रॅलीत त्यांना पहिला मान असतो. रॅली फार देखणी होते. पाचही सभासद बसने येतात, आपापल्या मोटारींचे फोटो टेबलावर मांडतात आणि एकमेकांच्या फोटोंभोवती हळू चालतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग भाऊजींनी एका सकाळी स्कूटर उभ्या दूधगाडीवर नेऊन घातली. ती दिसलीच नाही म्हणाले. ताई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. बाजूचं दिसायचं आधीच गेलं होतं, समोरचं उरलं होतं.

"औषधाने जाणं लांबवता येईल, परत आणता येणार नाही," बाई म्हणाल्या. "वर्षभर धरून चाला. आणि गाडी चालवणं आत्ताच सोडायला हवं."

"मोकळ्या रस्त्यावर एकदाच चालवली तर? सरळ रस्ता आहे. पूल आहे."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पहाटे, रस्ता बंद करून, शेजारी कुणीतरी बसलेलं असताना," त्या म्हणाल्या, "एकदा. पण लवकर."

भाऊजी घरी आले, चहा घेतला नाही, मला म्हणाले, "चिटणीस, मी ती चालवणार." एरवी ते मला अरे-तुरे करतात, चिटणीस म्हणाले तेव्हा मला घाम फुटला.

मी तातडीची सभा बोलावली. एका सभासदाला हुंदका आवरेना. दुसऱ्याने मोठ्या मनाने सुचवलं की पुलाचा व्हिडिओ काढून आणावा आणि भाऊजींना मोठ्या पडद्यावर दाखवावा. व्हॅल्युअरांनी नवा दर सांगितला. भाव वाढल्यामुळे आता किलोमीटरला दोन खोल्या. ताईला सभेत बोलायचा अधिकार नाही, पण चहा द्यायला आली होती, ती ट्रे हातात धरून बोललीच. "दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आहेत, दातही आहेत चार दिवस. पण खाल्ले तर चण्यांचा भाव पडतो म्हणे! मेल्यांनो, चणे कशाला असतात?" हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गवंड्याला सांगावा धाडला.

ठरलं ते रविवारी. सर्जन आधीच येऊन गेला होता. दहा वर्षांत पहिल्यांदा तो हसला होता. पुलाची परवानगी निघाली होती. ताईने निळा रुमाल ट्रंकेतून काढून केसांना बांधला. दहा वर्षांची घडी होती, ती काही मोडेना. भाऊजी किल्ली घेऊन भिंतीसमोर उभे राहिले. तोंडावर मी त्यांच्या लग्नातसुद्धा न पाहिलेला आनंद होता. (मला वाईट वाटलं. एवढा संयमी माणूस!) गवंड्याने घण उचलला.

आणि फोन वाजला. व्हॅल्युअर.

बातमी अशी की परदेशात एका मालकाने आपली मोटार बाहेर काढली, घाटात नेली आणि दरीत घालवली. अठ्ठ्याण्णवातली एक गेली. बाकीच्यांचा भाव एका सकाळीत एक तृतीयांशाने चढला.

"आणि तो माणूस?" भाऊजींनी विचारलं.

"झाडात अडकला, वाचला. फोटो आलाय त्याचा. हसतोय." व्हॅल्युअरांनी खुलासा केला. "धक्का बसला असावा."

भाऊजींनी फोन ठेवला. भिंतीकडे बघत राहिले. मी बोटांवर फक्त हिशेब केला, त्यांना दिसेल असा, अगदी समोर.

"मारू का साहेब?" गवंडी म्हणाला. "हात भरून आला."

ताई म्हणाली, "अहो."

फक्त एवढंच म्हणाली. मला अजून आठवतं.

"पुढच्या रविवारी बघू," भाऊजी म्हणाले.

ताईने आरडाओरडा केला नाही. रुमाल सोडला, आणि आत जाऊन त्याच रुमालाने ओटा पुसायला घेतला. गवंड्याने न पाडलेल्या भिंतीची पूर्ण मजुरी घेतली. तीही निगराणीच्या खर्चात धरली आहे.

ते वर्ष सरलं. डॉक्टरीणबाईंचा अंदाज चुकला नाही. मोटारीची किंमत आता इतकी आहे की ती विकत घेऊ शकेल असा माणूसच उरलेला नाही, आणि याला व्हॅल्युअर अमूल्य म्हणतात.

मात्र अलीकडे एक गैरप्रकार सुरू झाला आहे, तो नमूद करणं माझं कर्तव्य आहे. रोज संध्याकाळी भाऊजी भिंत चाचपत त्या खोलीत जातात, दार उघडतात आणि चक्क मोटारीत बसतात. ताई शेजारी बसते. इंजिन सुरू करत नाहीत. भाऊजी तोंडानेच आवाज काढतात. घुर्रर्र. साठी उलटलेला माणूस! ताई पुढचा रस्ता सांगते. "आता डावीकडे घ्या. अहो हळू, पोरं आहेत रस्त्यात. हां, आता सोडा."

"पूल आला का गं?"

"हा काय, आलाच."

"काच खाली केलीस?"

"केव्हाच केली."

काच वरच असते. सीटवरच्या प्लास्टिकला या रोजच्या बसण्यामुळे सुरकुत्या पडल्या असून व्हॅल्युअरांनी किमतीतून एक न्हाणीघर वजा केलं आहे. मी ताईला लेखी समज दिली. तिने त्या कागदाचं काय केलं ते सांगण्यासारखं नाही.

हे वाचून तुम्ही भाऊजींना हसला असाल. हसा. पण मंडळाला सभासद वाढवायचे आहेत, म्हणून तुमच्या घरी एक धावती पाहणी करू द्या. काचेच्या कपाटातला तो कपबशांचा सेट, पाहुण्यांसाठीचा; त्यातून आजवर तुम्ही स्वतः किती चहा प्यालात? ती कोरी चादर, 'चांगल्या वेळेसाठी' खालच्या कप्प्यात ठेवलेली? रिमोटवरचं प्लास्टिक आहे ना अजून? आणि निवांत झाल्यावर ज्याला नक्की भेटायला जायचं आहे, त्या माणसाचा मीटर काय दाखवतोय?

शून्य? वा! अभिनंदन. अर्ज करायची गरज नाही, वर्गणीही नको. ती तुम्ही केव्हापासून भरत आहात. डोळे तेवढे एकदा तपासून घ्या. घाई नाही.

पुढच्या रविवारी केलंत तरी चालेल.