हैबतरावांच्या चार नळ्या

हैबतरावांची मोटार पिरंगुटच्या घाटात पुन्हा एकदा मान टाकून उभी राहिली आणि आत बसलेल्या मतदारांना खाली उतरून ती ढकलावी लागली. भरे गावच्या पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. लोकांना पुण्याच्या बाजाराला फुकट नेऊन आणलं की मतं आपोआप पडतील, असा हैबतरावांचा बेत. पण मतदार घामाघूम होऊन मोटार ढकलताहेत, तेवढ्यात शेजारून कुशाबाची बैलगाडी आरामात पुढे गेली. कुशाबा म्हणजे निवडणुकीतला त्यांचा विरोधक. जाता जाता त्याने फक्त एवढंच विचारलं, "आबा, बैल दिऊ का एक?"

मतदार खो खो हसले. आपल्याच मोटारीतले, फुकट बसलेले मतदार! हैबतरावांच्या अंगाची लाही लाही झाली. मागल्या निवडणुकीत ते आपटले होते, आणि ह्या खेपेला पडलो तर गावात तोंड दाखवणार नाही, असं त्यांनी स्वतःच चावडीवर बसून सांगितलेलं. कुणी विचारलं होतं का? नाही. पण सांगून बसले.

पौडच्या इब्राहिम मिस्त्रीने बॉनेट उघडून आत डोकं घातलं. "राव, इंजिन धडधाकट हाय. पर चार भोकांतला धूर एकाच नळकांड्यात कोंबलाय. त्यो बाहीर पडंना, मग गाडी गुदमरती. पुण्याच्या जुन्या बाजारात शर्यतीच्या मोटारींच्या नळ्या मिळत्यात. हरेक भोकाला येगळी नळी, आन् फुडं चारी एकत्र. तेवढ्या आणा. घाट पळत चढंल."

"हे कुणापाशी बोलायचं न्हाई," हैबतराव म्हणाले. "कुशाबाला कळलं तर त्यो काईतरी घाण करंल."

हैबतरावांचा स्वभावच तसा होता. कुणी राम राम केला, तरी ह्याने तो का केला असेल, ह्याचा ते घरी जाईपर्यंत विचार करायचे.

नळ्या मिळाल्या. घोंगडीत गुंडाळून त्यांनी त्या एस.टी.त मांडीवर घेतल्या. वाकड्यातिकड्या चार नळ्या त्या, एक टोक बाहेर यायचंच. शेजारी येऊन बसला गावचा भिवाजी, ज्याचं नाक सगळ्या आळीत फिरायचं.

"आबा, काय न्हेताय?"

"घरात शिवणाचं मशीन पायजे म्हनत हुती, ते."

भिवाजीने बोटाने टकटक केलं. "आतून पोकळ हाय की. नळी हाय जणू."

"हाय. पर तू बगितली न्हाईस."

"न्हाई बगितली," असं म्हणून भिवाजीने असा काही डोळा मारला, की हैबतरावांना पुढचा रस्ताभर चैन पडलं नाही. हा कुशाबाचा माणूस तर नव्हे?

ते दिवस दारूबंदीचे. कायद्याने दारू बंद होती आणि मुळशीच्या डोंगरात ओढ्याओढ्याला हातभट्ट्या वाकड्या नळ्यांतून दारू गाळत होत्या. अशा मुलखात माणूस घोंगडीत वाकडी नळी लपवून नेतो, म्हटल्यावर ती मोटारीची असेल असं कोण समजणार? समजायला भरे गावातल्या कुणाला वेड लागलेलं नव्हतं.

घरी गोजराबाई कमरेला पदर खोचून उभ्याच होत्या. पंधरा माणसांचं घर एकहाती चालवणारी बाई. नवऱ्याची चाल बघून त्यांना कळायचं, काहीतरी लपवलंय.

"काय हाय त्यात?"

"मोटारीचं सामान."

"मग गोठ्यात का लपवताय?"

"कुशाबाला कळू नये म्हून."

"कुशाबाला कळू नये असं मोटारीत काय असतंय?" गोजराबाई जवळ आल्या. "तोंड उघडा."

"आँ?"

"उघडा म्हंते. वास घिऊ द्या."

तंबाखूशिवाय दुसरा वास आला नाही. त्यामुळे तर गोजराबाईंचा संशय जास्तच बळावला. "म्हंजे पीत न्हाईसा. इकायला काढनार हायसा!"

दुसऱ्या दिवशी मोटार गोठ्यात घेऊन, दाराला गोणपाट टांगून, इब्राहिम कामाला लागला. नळ्या होत्या भलत्याच गाडीच्या. त्या ह्या इंजिनाला बसेनात. मग तापवून वाकवायला कोळशाची भट्टी पेटवली. तापलेल्या नळ्या निववायला पाण्याचं पिंप आणलं. सांध्यातून धूर फुटू नये म्हणून मध्ये घालायला तांब्याचा पत्रा आणला. गोठ्याच्या कौलांतून धूर निघायला लागला, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस तिथे थबकून नाक वर करायला लागला.

आता गंमत अशी झाली, की ज्या लोकांना हैबतरावांनी हाक मारली तरी ऐकू जात नसे, ते आपण होऊन ओट्यावर येऊन बसू लागले. "आबा, अवंदा तुमीच," असं म्हणायचे आणि गोठ्याकडे बघायचे. भिवाजी तर गुळाची ढेप घेऊनच आला.

"ऱ्हाऊ द्या आबा. कामाला यील."

"कसल्या कामाला?"

"म्या काय इचारलं का तुमाला? मग तुमी बी इचारू नगा."

दारूच्या भट्टीला गूळ लागतो, हे हैबतरावांच्या डोक्यात येईना. त्यांना वाटलं, कुशाबाने गुळात काहीतरी कालवून पाठवलंय. त्यांनी ती ढेप माळ्यावर टाकली आणि घरात कुणी हात लावायचा नाही, अशी तंबी दिली. ओट्यावर बसणारे सगळेच कुशाबाचे हेर आहेत, ह्याविषयी तर त्यांना आता शंकाच उरली नव्हती.

शेवटी गोजराबाईच नदीवरून धुणं घेऊन आल्या त्या रडकुंडीला येऊन. "समद्या बाया हसत्यात माज्याकडं! तुमी गोठ्यात दारूची भट्टी लावली म्हून गावभर झालंय. आत्ताच्या आत्ता काय ते करा, न्हाईतर मी चालले म्हायेरी."

हैबतराव मटकन खालीच बसले. "अरं देवा! म्हून समदे गोठ्याकडं बगत हुते व्हय! हे कुशाबाचंच काम. गेली अब्रू, गेलं मत!"

तसेच उठले आणि पौडच्या ठाण्यात जाऊन जयसिंग जमादारापुढे हात जोडून उभे राहिले. "माज्या घरावर धाड घाला. समद्या गावाफुडं."

जमादाराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. स्वतःच्या घरावर धाड मागतो, म्हणजे ह्याने माल आधीच हलवला असणार. "चला," तो म्हणाला, "बगूच तुमचा गोठा."

अख्खं गाव जमलं. कुशाबाही आला. जमादाराने कडब्यात काठी खुपसली, गव्हाणी उचकटल्या, पिंपातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. "पानीच हाय," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

मग इब्राहिमने बॉनेट उघडलं. चार नळ्या चार भोकांना फिट्ट बसलेल्या. हैबतरावांनी मोटार सुरू केली मात्र, असा गडगडाट उठला की कोंबड्या कौलांवर गेल्या आणि कुशाबाचे बैल दावं तोडून पळाले. जमादाराला शेजारी बसवून हैबतराव घाट चढून, वळून परतही आले. कुणाला उतरावं लागलं नाही, ढकलावं लागलं नाही. छाती फुगवून ते खाली उतरले.

"बगितलं? हाय का कुटं दारूची भट्टी?"

टाळ्या नाहीत, शाब्बास नाही. लोक एकमेकांकडे बघत उभे.

"म्हंजे... खरंच न्हाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"देवाशपथ न्हाई!" हैबतराव गरजले. लोक खाली माना घालून घराकडे वळले.

निवडणूक झाली. कुशाबा निवडून आला आणि हैबतराव असे आपटले की मागला पराभव बरा वाटावा. बोलल्याप्रमाणे ते घराबाहेर पडेनात. शेवटी न राहवून त्यांनी भिवाजीला बोलावून घेतलं. आज त्यांना राग नव्हता, नुसतं रडू येत होतं.

"भिवाजी, खरं सांग. आळ गेला, गाडी घाट चढली, जमादारानं समद्यांफुडं सांगितलं. मग माझं चुकलं कुटं?"

भिवाजीने आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग शेजारी टेकला.

"आबा, आपल्या वढ्यावरची भट्टी कुशाबाच्या मेव्हण्याची. त्यो निम्मं पानी घालतोय. आमी म्हनलं, आबा घरचा मानूस, ह्यो तरी चोख माल दील. अवंदा समद्या गावानं तुमच्यावर इस्वास टाकला हुता." त्याने खेदाने मान हलवली. "पर तुमीच जमादाराला बोलावून त्यो मोडला."