भोयरकाका वायर उपटतात

आमच्या ऑफिसात नवा डेटाबेस तपासायला आला, की भोयरकाका आधी त्यात स्वतःचं नाव घालतात आणि मग चालू मशीनची वायर उपटतात. अगदी शांतपणे, वाफ्यातलं तण उपटावं तशी. मशीन पुन्हा सुरू झालं की टाइप करतात, "मी कोण?" आणि हनुवटीला हात लावून उत्तराची वाट पाहत बसतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गेला हा माणूस अध्यात्मात!

आमचं ऑफिस गांधीबागेत, साड्यांच्या ठोक दुकानाच्या वर. दुकान मालकाच्या वडिलांचं, वरचा एआयचा कारभार मालकाचा, म्हणजे पंकजचा. नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी आम्ही अ‍ॅप बनवत होतो. शेतकऱ्यानं फोनवर झाडाचं दुखणं सांगायचं, अ‍ॅपनं सल्ला द्यायचा आणि पुढच्या वेळी त्याला नावानिशी ओळखायचं. बोलणारा एआय, पण त्याची आठवण राहते डेटाबेसात. तो निवडायचं काम काकांकडं, आणि काका एकाही डेटाबेसला पास करेनात.

"काका, निवडा नं आता! पोरगी पाहून राहिले का?" मी तोंडाळच आहे.

"पोरगी पाहताना तरी कोण विचारते वं, तुही आठवण पक्की आहे का म्हणून?"

प्रत्येकात खोट. एकाचा विकणारा लय गोड बोलते म्हणून नको. दुसऱ्याचं सगळं परदेशात साठवलेलं, "इंटरनेट गेलं का कोणाच्या दारात उभं राहाचं?" म्हणून नको. पंकजला मात्र एक चकचकीत, वेगवान डेटाबेस भारी आवडला होता.

"काका, सगळे हाच घेऊन राहिले."

"चमक तं खाली दुकानातल्या सगळ्याच साड्यांले असते गा. पहिल्या धुण्यात समजते."

पंकजनं ऐकलं नाही. बागायतदारांना बोलावून तोच डेटाबेस लावून दाखवायचं ठरवलं. काम मिळणार की जाणार, सगळं त्या दुपारवर होतं. सुरुवात झकास झाली. काकांनी अ‍ॅपला नाव सांगितलं, संत्र्याची पानं पिवळी पडल्याचं सांगितलं, अ‍ॅपनं "भोयरकाका, भोयरकाका" करत सल्ला दिला. पाहुणे खूश. तेवढ्यात काका टेबलाखाली वाकले.

"काका, नाही!" पंकज ओरडेपर्यंत वायर हातात.

मशीन सुरू झालं. "मी कोण?"

"नमस्कार! आपली पहिलीच भेट. आपण केळीचे बागायतदार दिसता."

पाहुणे पोट धरून हसले. तो उतावळा डेटाबेस ऐकलेलं पक्कं लिहून ठेवायच्या आधीच "झालं" म्हणायचा, वीज गेली की ताजं सगळं पुसलं जायचं, मग एआय मनानंच काहीतरी ठोकून द्यायचा. काका हसले नाहीत. स्क्रीनकडं पाहत म्हणाले, "एवढं बोललो आपण, आन् पहिलीच भेट?"

"उद्यापासून येऊ नका!" पाहुणे "कळवतो" म्हणून गेल्यावर पंकज कडाडला. काका उठून गेले. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी डबा द्यायला मी त्यांच्या घरी गेले. दार काकांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी उघडलं. मागोमाग काकाही दुधाची पिशवी घेऊन जिना चढून आले. काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "हे कोण आले वं तुझ्यासोबत?"

मला वाटलं गंमत करतात. मी हसले. काकांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले.

"मी भोयर. तुमच्या हातचा चहा लय चांगला असते म्हणून ऐकलं."

"अगबाई! मग बसा नं," म्हणत काकू खुशीत आत गेल्या. काका दाराजवळच्या खुर्चीत टेकले, आपल्याच घरात, पाहुण्यासारखे.

"सकाळी ओळखते कधी कधी," ते हळू आवाजात म्हणाले. "संध्याकाळी पुन्हा पहिलीच भेट. आपल्याच माणसाले रोज नाव सांगाचं म्हणजे जीव तुटते वं. त्या शेतकऱ्यानं काहून सांगाचं?"

मला रडूच आलं. चहा खरंच चांगला होता.

दुसऱ्या दिवशी मी पंकजला सगळं सांगितलं. तो खाली गेला, स्कूटर काढली आणि स्वतः काकांना घेऊन आला. काकांच्या मनात एक जुना, अजून न तपासलेला डेटाबेस होता. दिसायला अगदी सरकारी कचेरी, जरा मंद, पण आधी लिहून घेणार, मग बोलणार. काकांनी त्याला नाव सांगितलं, पानांचं सांगितलं. या वेळी वायर पंकजनं उपटली.

मशीन सुरू झालं. काकांनी टाइप केलं, "मी कोण?"

"तुम्ही भोयरकाका. संत्र्याची पानं पिवळी पडली म्हणत होतात. आता कशी आहेत?"

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"ओळखलं वं यानं मले."

पंकज म्हणाला, "पास करून टाकू का मग, काका?" काकांनी होकारार्थी मान डोलावली. चष्मा लावला आणि वायर न उपटताच पुन्हा एकदा टाइप केलं, "मी कोण?"